घरी न जाणारी मुलं

“…आणि ती घरी का जात नाहीत?” गुरुजींनी विचारलं.

इंदुमतीबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या आपल्या यशाची गोष्ट सांगत होत्या, आणि म्हातारा भलतीकडेच निघाला होता.

इंदुमती हेर्लेकर शाळेच्या मुख्याध्यापिका. ज्यांचे आईबाप काजूच्या कारखान्यातून उशिरा सुटतात, त्या मुलांसाठी त्यांनी शाळेतच संध्याकाळचा वर्ग काढला होता. पोटाला उसळ, थोडा अभ्यास, खेळ, आणि मनातलं बोलायला एक ताई. आता संस्थेची मंडळी अडून बसली होती. यातून मुलांचं नेमकं काय भलं झालं, ते उद्याच्या बैठकीत सांगा, नाहीतर वर्ग बंद.

म्हणून बाई नदीकाठच्या मठात आल्या होत्या. इथले गुरुजी एके काळी त्यांचे वर्गशिक्षक. आता ते मठात एकटेच राहत, वांगी-मिरच्या लावत, आणि कुणी काही विचारलं तर बहुधा उलट त्यालाच विचारत.

“का जात नाहीत म्हणजे? आवडतं त्यांना,” बाई जरा तोऱ्यातच म्हणाल्या. “सात वाजले तरी दप्तर आवरत नाहीत. वर्ग चांगला चाललाय, याला आणखी काय पुरावा हवा?”

“सगळी थांबतात?”

“कस्तुरी सोडून. ती यायची बंद झाली. तेवढी एकच हातून सुटली आमच्या.”

“चौकशी केलीस?”

“स्वतः घरी गेले की. तिच्या आईची कारखान्यातली पाळी बदललीय. आता दुपारीच घरी येते.”

“आणि पोरगी काय करत होती?”

बाई आठवू लागल्या.

“आई पीठ मळत होती. ही तिच्या पाठीला टेकून बसली होती. दोघी कशाला तरी हसत होत्या… मला बघून गप्प झाल्या.”

“मग?”

“मी म्हटलं, उद्यापासून वर्गाला ये. अभ्यास बुडतोय.”

अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गुरुजींनी सावकाश गोळा केल्या.

“इंदू, तू किती वाजता घरी जातेस गं?”

“मुलं गेल्यावर. कुलूप लावायचं असतं.”

“शिपाई नाही?”

“आहे. त्याला मी लवकर सोडते.”

“घरी कोण असतं?”

…

घरी कुणी नसे. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला. रविवारी दिवेलागणीला बाई टीव्ही मोठ्याने लावून ठेवत आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहत. घरात आवाज असावा, एवढ्यासाठीच. वर्ग बंद झाला तर त्यांचा रोजच रविवार होणार होता. संस्थेच्या मंडळींना हे ठाऊक नव्हतं. खरं तर आतापर्यंत बाईंनी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि आत्ता सांगताना त्यांना फार एकटं वाटलं.

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या.

गुरुजी उठले. पायरीपाशी बाईंच्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. ते वाकले, दोन्ही चपला उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडून ठेवल्या.

बाई ओशाळल्या. “अहो गुरुजी, हे काय…”

“शेवटची एसटी यायची वेळ झाली. नीघ आता.”

बाईंनी पर्स उचलली. पुन्हा मांडीवर ठेवली. नदीपलीकडच्या शेतातून गुरं परतत होती. मठात दुसरं माणूस नव्हतं.

“थोडं बसू का?”

म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून चपापल्या. रोज संध्याकाळी दप्तर मांडीवर घेऊन मुलं त्यांना हेच विचारत. ती आनंदाने विचारतात, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

एसटी फाट्यावर थांबली, कुणी चढलं नाही, निघून गेली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“उद्या बैठकीत काय सांगू, गुरुजी?”

“कस्तुरीचं सांग.”

“पण ती तर वर्ग सोडून…”

आईच्या पाठीला टेकून हसणारी कस्तुरी बाईंना आठवली; तिला आता वर्गाची गरजच उरली नव्हती.

गुरुजी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

“बस निवांत,” ते म्हणाले. “माझं काही जमलं की नाही, ते तू आपणहून घरी जायला उठशील तेव्हा कळेल.”