पहिलं दार कुणाचं?

नद्या भर उन्हाळ्यातही वाहत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका नदीकाठी एक गाव होतं. गावानं नदीवर दगडी बंधारा बांधला होता आणि त्यातून शेतांकडे एक लांब पाट काढला होता. पाटाच्या कडेनं शेतं होती आणि प्रत्येक शेतात पाणी घ्यायला एक लाकडी दार होतं. कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे काम एका माणसाकडे असे. त्याला पाटकरी म्हणत. काम मानाचं होतं, आणि त्याबद्दल गाव पाटकऱ्याला वर्षभराचं धान्य देई.

पाटकरी निवडायला पाच पंच बंधाऱ्यावर बसत. ते उमेदवाराला नाना प्रश्न विचारत आणि अगदी शेवटी थोरले पंच म्हणत, "तुला काही इचारायचं असंल तर इचार." ही आपली एक रीत होती. उमेदवारानं हात जोडून "काही न्हाई" म्हणायचं, पंचांनी दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि उठायचं. कुणाला खरोखरच काही विचारायचं नव्हतं की कुणाची छाती झाली नव्हती, ते सांगता येत नाही. पण आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं एवढं खरं.

त्या वर्षी दोन उमेदवार आले. एक होता तालमीतला गडी, दंड चांगले भरलेले, बोलणं गोड. दुसरी होती गाळ काढणाऱ्याची मुलगी. तिच्या बापानं वीस वर्षं पाटातला गाळ उपसला होता आणि आता त्याची कंबर धरली होती. पोर लहानपणापासून त्याच्या मागे घमेलं घेऊन फिरलेली. पाट कुठे झिरपतो, कुठे तुंबतो, कुठल्या दाराची फळी फुगते, सारं तिला पाठ होतं. हे काम मिळालं तर बापाला घरी बसवता येणार होतं. नाही मिळालं तर त्याला त्याच कमरेनं पुन्हा पाटात उतरावं लागणार होतं.

आधी गड्याला बोलावलं. पंच जे जे म्हणाले त्याला त्यानं "जी" म्हटलं. पहाटे उठशील का, जी. सगळ्यांचं ऐकशील का, जी. काही विचारायचं आहे का, काही न्हाई जी. गूळ खाऊन तो उठला तेव्हा पंच भलतेच खूश होते.

मग मुलगी आली. तिनं सगळी उत्तरं नीट दिली. पाट कुठे कच्चा आहे हे तर तिनं न विचारताच सांगितलं. पंचांनी माना डोलावल्या. थोरल्या पंचांनी गुळाचा खडा हातात घेतला आणि सवयीनं ते वाक्य म्हटलं.

"इचारायचं हाय, आबा," मुलगी म्हणाली.

गुळाचा खडा हातातच राहिला.

तिनं पहिल्यांदा विचारलं, की तीन वर्षांत तीन पाटकरी काम सोडून गेले, ते का? एक पंच म्हणाले आजारपण. दुसरे म्हणाले आळस. तिसरे म्हणाले, माणसंच तसली. चौथे पंच म्हातारे होते आणि त्यांचं शेत पाटाच्या शेवटच्या टोकाला होतं. ते नुसते थोरल्या पंचांकडे बघत राहिले. मुलीनं ते बरोबर टिपलं.

मग तिनं विचारलं, की वर्षाअखेरी काय बघून तुम्ही म्हणाल, पोरीनं काम चोख केलं? हा प्रश्न सोपा वाटला म्हणून पंचांनी उत्साहानं उत्तरं दिली. एक म्हणाले, माझा ऊस हिरवागार दिसला पाहिजे. शेवटच्या टोकाचे म्हातारे पंच म्हणाले, ऊस गेला खड्ड्यात, शेवटच्या शेतातल्या गव्हाला पाणी मिळालं म्हणजे काम चोख. तिसऱ्यांना म्हणे फक्त शांतता हवी होती, कुणाची तक्रार कानावर यायला नको. बोलता बोलता पाचही जण एकमेकांशीच तंडू लागले. आपण इतकी वर्षं पाटकरी नेमतो पण त्यानं करायचं काय, हे आपलंच ठरलेलं नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अर्थात, कबूल कुणी केलं नाही.

भांडण जरा निवल्यावर मुलगी म्हणाली, "आता एकच ऱ्हायलं. पाणी कमी पडंल त्या साली पहिलं दार कुणाचं लावायचं, त्ये आज सांगा."

सगळ्यांच्या माना थोरल्या पंचांकडे वळल्या. पाटावरचं पहिलं शेत थोरल्या पंचांचं होतं आणि त्यांचं दार आजवर कधी कुणी लावलं नव्हतं.

"तू काम मागाया आलीस का आमची परीक्षा घ्यायला?" थोरले पंच म्हणाले.

"दोन्ही," मुलगी शांतपणे म्हणाली. "तुम्ही मला पारखून घेताय, मी काम पारखून घेते. ह्ये आज ठरलं न्हाई, तर उन्हाळ्यात मी कुठलंबी दार लावलं तरी तुम्ही मलाच घालवाल. मग मी चौथी ठरंन."

तिनं नमस्कार केला आणि ती चालू लागली. वर्षाचं धान्य आपण आपल्या हातानं मागे सारलं हे तिला समजत होतं.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसली. बापानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वीस वर्सं मी त्या पाटात वाकून काम केलं. मला ह्ये इचारायचं सुचलं न्हाई. तू ताठ उभी ऱ्हाऊन इचारलंस." आणि दुसऱ्या दिवशी कमरेला फडकं आवळून तो गाळ उपसायला गेला. जाताना त्याची मान वर होती.

पाटकरी अर्थातच गडी झाला. थंडीभर सगळं ठीक चाललं. चैत्र लागला, नदीचं पाणी उतरलं आणि गड्याची परवड सुरू झाली. जो मोठ्यानं ओरडेल त्याचं दार तो उघडी, दुसरा आला की तेच लावी. सगळ्यांना "जी" म्हटलेलं, त्यामुळे नाही कुणालाच म्हणता येईना. शेवटी एका सकाळी फावडं बंधाऱ्यावर टाकून तो जो गेला तो परतलाच नाही.

मग लोकांना रानच मोकळं मिळालं. ज्याला जमेल तिथे तो पाट फोडू लागला. कुणीतरी पाट फोडला तो थेट थोरल्या पंचांच्या शेताच्या वरच्या अंगाला. पाणी ओढ्याला गेलं आणि गावात सगळ्यांत आधी वाळला तो थोरल्या पंचांचा ऊस.

चार दिवसांनी पंचांनी मुलीला निरोप धाडला, की काम तुझं, लगेच ये. तिनं उलट निरोप दिला, "येते. पण मी इचारलेल्याचं उत्तर ऱ्हायलंय."

पंच पुन्हा बंधाऱ्यावर बसले. या वेळी सारा गाव जमला होता. मुलगी समोर उभी राहिली आणि तिनं तोच प्रश्न विचारला. थोरल्या पंचांनी घसा खाकरला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "माझं. दार लावलं तरी पाट माझ्या बांधाला झिरपतो, माझी जमीन ओल धरती. मला ह्ये म्हाईत होतं. पहिलं दार माझं लाव."

मुलीनं फावडं उचललं. त्याच संध्याकाळी पाट दुरुस्त झाला.

पुढच्या वर्षी पाणी आणखी कमी आलं. मुलगी सकाळीच पहिल्या दाराशी गेली आणि तिनं फळी खाली सोडली. थोरल्या पंचांचा मुलगा धावत आला आणि कुणाला विचारून दार लावलंस म्हणून तिच्यावर तापला. तिनं फळी नीट दाबून बसवली. थोरले पंच मागून काठी टेकत आले. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, पलीकडच्या आपल्या उसाकडे पाहिलं. त्यांचा जीव तुटला असणार, माणूसच तो.

"मला इचारून," ते मुलाला म्हणाले. "साऱ्या गावासमोर."

त्या वर्षी शेवटच्या टोकाच्या शेतातही गहू उभा राहिला. मुलीचा बाप अंगणात बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगे, की पाटकरी माझी लेक आहे. ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही तो पुन्हा सांगे, आणि तेही कौतुकानं पुन्हा ऐकून घेत.

तात्पर्य: काम मागताना आपण काय करू शकतो एवढंच सांगू नये, ते काम आपल्याला नीट करू देणार का, हेही आधी विचारावं. असा प्रश्न विचारणारा उद्धट नसतो, त्याला काम खरोखर करायचं असतं.