तिन्हीसांजेचं विरजण

“पण बाबा, भांडण कुठं संपलं आणि वैर कुठं सुरू झालं, हे ओळखायचं कसं?”

शेवंतानं मांडीवरचं लेकरू सावरत विचारलं. हैदरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून दिव्याच्या वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाशी?”

“थोरल्या जाऊबाईंशी. दोन्ही घरांत एकच भिंत. पण आमचं भांडण नाही हं! दिवाळीपासून माझ्या तोंडून एक वावगा शब्द गेलेला नाही.”

“आणि चांगला?”

“…तोही नाही.”

बाबा वात वळत राहिले.

“आधी भांडायचात?”

“रोज! नळावरून, वाळत घालायच्या दोरीवरून, ह्याच्या लंगोटांवरून. ‘तुला मेलीला पोर धरता येत नाही’ म्हणायच्या, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच ह्याला तेल लावून न्हाऊ घालायच्या.” तिला हसू आलं, ते अर्ध्यातच विरलं. “एकदा फारच बोलल्या. मग मी बोलणंच टाकलं. म्हटलं, आपण कशाला त्यांच्या पायरीला उतरायचं?”

“मग बरं चाललंय की.”

शेवंतानं लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला.

नवरा ट्रकवर गेला की घरात ती आणि लेकरू. परवा रात्री लेकरू तापानं फणफणलं, तेव्हा हात आपोआप भिंतीकडे गेला होता. पूर्वी एक थाप मारली की जाऊबाई शिव्या देत का होईना, धावत यायच्या. हात भिंतीला टेकला… आणि थाप न मारताच खाली आला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला. म्हणजे त्याही जाग्याच होत्या.

“बाबा, भीती वाटते हो…” एवढंच ती म्हणाली.

खाली गावात दिवे लागत होते. तिनं दर्ग्यासाठी वाटीतून आणलेलं दूध बाबांनी आपल्या भांड्यात ओतून घेतलं आणि रिकामी वाटी तिच्या हातात दिली.

“जा. जाऊबाईंकडून विरजण माग.”

“आत्ता? दिवे लागल्यावर? तिन्हीसांजेला दह्याचं नावसुद्धा काढत नाहीत आमच्यात, घरची लक्ष्मी जाते! त्या दारातच धरतील मला. आईबाप काढतील, सगळी आळी गोळा करतील!”

“करतील?”

“करतीलच! सोडतात थोड्याच!”

बाबांनी वात तेलात बुडवली.

“मग लवकर जा, पोरी… विरजण नाही मिळालं तरी चालेल.”