उकळत्या तेलाची साक्ष

त्या दिवसांत उदासबुवा महाराज बोरसावळी गावी, वेशीबाहेरच्या शिवालयात मुक्कामाला होते. एकटीनं घाणा चालवणारी गिरजा तेलीण रोज तिथल्या आणि गावदेवीच्या देवळातल्या समईत तेल घालायची. बाई गरीब, पण बोलणं ताठ.

एके दिवशी गावदेवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. देवीच्या देवळात तेल घेऊन जातं कोण? गिरजा! झालं. पाहिलं कुणीच नव्हतं, तरी जनकोजी देशमुखानं सभा बोलावून दिव्य ठरवलं. म्हणजे उकळत्या तेलातून लोखंडाचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला तर चोर, नाही भाजला तर साव. आणि याला हे लोक न्याय म्हणत!

चावडीपुढे कढई चढली. तेलही तिच्याच घाण्यावरून उचललेलं.

"घाल गं हात," देशमुख म्हणाला.

"नाही घालणार."

"का? खरी असशील तर देवी राखील की!"

"चोरी केली असं तुम्ही म्हणता. मग दाखवून द्या तुम्ही. माझा हात कशाला जाळता?"

सभा खदाखदा हसली. देशमुख गरजला, "तेलीण आता आम्हाला न्याय शिकवणार! धरा रे तिला. नाही ऐकलं तर घर मोडून शिवेबाहेर काढा."

दोघांनी मनगट धरलं. गिरजा जागची हलली नाही. तेवढ्यात महाराज गर्दीतून पुढे आले.

"देशमुख, आरोप तुमचा ना? मग पहिला हात तुमचा."

"न्याय देणारा कधी दिव्य करतो होय, बुवा? एवढा कळवळा असेल तर घाला तुमचाच!"

महाराजांनी कोपरापर्यंत हात कढईत घातला! तुकडा काढून देशमुखापुढे टाकला, तर खालचं गवत करपलं. महाराजांच्या हाताला साधा फोड नाही. धन्य ती माउली!

देशमुखाला घाम फुटला. "सुटली! गिरजा साव ठरली."

"कशी ठरली?" महाराज कडाडले. "माझा हात भाजला नाही, एवढंच ठरलं. मुखवटा कुणी नेला ते तेलाला काय ठाऊक? साक्षीदार आणा, पुरावा आणा. तोवर ती सावच. आजपासून नव्हे, पहिल्यापासून!"

तेव्हा रायबा साळी पुढे आला. मागं याच देशमुखानं त्याच्याकडून दिव्य करवलं होतं. बोटं आखडून मागाला मुकला होता.

"मग महाराज, माझा हात का भाजला? मी बी काही चोरलं नव्हतं."

महाराजांनी त्याचा आखडलेला हात आपल्या हातात घेतला. देशमुख महाराजांच्या पायांशी वाकला, तसे त्यांनी पाय मागे घेतले.

"इथं नाही."

देशमुखानं पागोटं उतरवलं आणि गिरजेपुढे, रायबापुढे मातीत डोकं टेकलं.

"डोकं मागून टेका," गिरजा म्हणाली. "आधी ती कढई उतरवा."

देशमुखानं ती स्वतः उतरवली. बोरसावळीत ती पुन्हा चढली नाही.