घोळीची घुरघुर

होड्यांवर मासे दाखवणारी यंत्रं नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. पोशा नाखवाच्या होडीत एक जुनं वल्हं होतं आणि त्याचा तोरा काही औरच होता. घोळ मासा पाण्याखाली घुरघुरतो. नाखवा वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून दांडा कानाला लावायचा, की ती घुरघुर लाकडातून थेट वर यायची.

एके दिवशी नाखवाचा धाकटा भाऊ जोमा तसलं एक यंत्र घेऊन आला आणि त्याने ते होडीवर बसवलं. "दादा, आता हे वल्हं चुलीत घालू या," तो म्हणाला.

"ऐकलंस ना, लाकडा?" यंत्र खिदळलं. "मला तळापर्यंतचं दिसतं!"

पडद्यावर ठिपके उमटले तिथे धाकट्या भावाने जाळं टाकलं. बोटभर मासळी आली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. घोळीचा पत्ता नाही.

"इंजिन बंद कर," नाखवा म्हणाला.

"मग यंत्रही बंद पडेल, दादा."

"पडू दे."

समुद्र शांत झाला. नाखवाने दांडा कानाला लावला, डोळे मिटले आणि डावीकडे बोट दाखवलं. तिकडे टाकलेल्या जाळ्यात पुरुषभर लांबीच्या तीन घोळी आल्या. वल्हं पुसून धाकट्या भावाने स्वतःच्या हाताने जागेवर ठेवलं.

परतताना इंजिन सुरू झालं, तसं यंत्र जागं झालं. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "तुला ना पडदा, ना दिवा. तुला कळलं कसं?"

"मला कुठे कळलं?" वल्हं ताठ मानेने म्हणालं. "घोळ बोलत होती, नाखवा ऐकत होता. मी फक्त मध्ये बोललो नाही."