डिस्कचे तास, यंत्राचे तास

एकदा एका जिल्ह्याच्या गावी जुने लॅपटॉप दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. अच्युतराव त्यांचे नाव. पाठीमागचे झाकण उघडल्याखेरीज ते कोणत्याही यंत्राला बरे वा वाईट म्हणत नसत. त्यांच्याकडे दोन वर्षे शिकत असलेली सुलक्षणा मात्र उतावळी होती. बुद्धी तल्लख, हात चपळ, आणि उत्तर सापडले की तिला खुर्चीत बसवत नसे.

एके सकाळी एक व्यापारी टेम्पोतून वीस लॅपटॉप घेऊन आला. परिचर्या महाविद्यालयाने ते मुलींच्या परीक्षेसाठी मागवले होते. प्रत्येक यंत्र खरोखर किती तास वापरले गेले आहे, याचा दाखला मात्र महाविद्यालयाला हवा होता. मागल्या वर्षी ऐन परीक्षेत चार यंत्रे बंद पडली आणि चार मुलींचे वर्ष वाया गेले.

"आजचा दाखला तू लिही. सहीही तुझीच," अच्युतराव म्हणाले.

सुलक्षणाचा आनंद गगनात मावेना. तास दाखवणारा प्रोग्राम तिने एकेका लॅपटॉपवर चालवला. तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे चाळीस.

"काका, चारशेच्या वर एकही नाही! सगळे नव्यासारखे आहेत!"

व्यापाऱ्याचा चेहरा फुलला. "टेम्पोत अजून दहा आहेत, पण ते अडीच-तीन हजार तास दाखवतात. ते भंगारात देऊन टाकणार आहे मी."

सुलक्षणाने पेन उचलले.

"जरा थांब," अच्युतराव म्हणाले. "तुझा स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे दे, आणि तुम्ही दोघं जेवून या."

दोघेही बुचकळ्यात पडले. पण काकांच्या शब्दाबाहेर सुलक्षणा कधी गेली नव्हती. ती जेवून परतली तेव्हा तिचा लॅपटॉप टेबलावर जागच्या जागी होता.

"आता याचे तास बघ."

तिने पाहिले आणि डोळे चोळून पुन्हा पाहिले. एक तास!

"काहीतरीच काय! अख्खा डिप्लोमा केलाय मी यावर. सात वर्षं झाली त्याला!" ती खदखदून हसली. मग तिची नजर त्या वीस लॅपटॉपांकडे गेली आणि हसू थांबले. "काका… तुम्ही डिस्क बदललीत."

अच्युतरावांनी खिशातून तिची जुनी डिस्क काढून तिच्या हातावर ठेवली. "सुलक्षणा, प्रोग्राम खोटे बोलला नाही. त्याने डिस्कला विचारले, डिस्कने स्वतःचे वय सांगितले. यंत्राचे वय तिला कुठून ठाऊक असणार? आपल्याला हवे ते उत्तर मिळाले, की ते नेमके कोणाचे आहे हे विचारायचे आपण विसरतो. म्हणून एकाच साक्षीवर विसंबू नये. बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते बघ. पंखा ऐक. बिजागरी हलवून पाहा. चार्जरची पिन सैल बसते का, ते तपास. या सगळ्यांचे म्हणणे जुळले, तरच विश्वास ठेव."

व्यापारी हिरमुसला. "मलाही शहरात हाच आकडा दाखवला होता हो. मी उघडून कुठे बघितलं!"

पण सुलक्षणाचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. तिने स्क्रू काढायला सुरुवातही केली होती. पहिल्या यंत्रात डिस्क कोरी करकरीत, पण पंखा घरघरत होता आणि बिजागरी ढिली झाली होती. दुसऱ्याचीही तीच गत. डिस्क विसांचीही बदललेली होती; बाकीच्या तपासणीत जेमतेम आठ टिकले. मग एकदम काहीतरी सुचून ती उठली आणि धावत टेम्पोपाशी गेली.

"अहो, ते भंगारातले दहा द्या इकडे!"

तिने पहिला उघडला. डिस्क मूळचीच होती. बॅटरीची मोजणी त्या तासांशी जुळत होती. पंखा निःशब्द फिरला, बिजागरी घट्ट होती. दुसराही तसाच. तिसरा उघडता उघडताच ती ओरडली, "काका, यांनी खरं सांगितलं, म्हणून हे बाजूला पडले! नीट वापरलेत हो हे, अजून कितीतरी वर्षं चालतील!" दहांपैकी नऊ उत्तम निघाले. व्यापारी आता स्वतःच एकेक यंत्र आणून तिच्यापुढे ठेवत होता. राहिलेले तीन आठवड्याच्या आत आणून देईन, आणि या वेळी आधी झाकण उघडून पाहीन, असे त्याने आपणहून सांगितले.

संध्याकाळी ती दाखला लिहायला बसली. डिस्क बदललेल्या त्या आठ यंत्रांपाशी येऊन तिचे पेन अडले. बराच वेळ विचार करून तिने लिहिले : 'डिस्क नंतर बसवलेली. यंत्राचे एकूण तास ठाऊक नाहीत. प्रत्यक्ष तपासणीत झीज अल्प.'

"काका, 'ठाऊक नाहीत' असं लिहिलेलं त्यांना चालेल का?"

अच्युतरावांनी दाखला चष्म्याजवळ नेऊन सावकाश वाचला. "हे वाचल्यावर उरलेल्या ओळींवर ते विश्वास ठेवतील," ते म्हणाले.

सुलक्षणाने खाली सही केली. दिवसभर तिला उभ्या उभ्या नाचवणारा उत्साह अजून ओसरला नव्हता, पण आता ती शांतपणे खुर्चीत बसून होती.

आपल्यालाही रोज कितीतरी आकडे दाखवले जातात. ते कोणाचे आहेत, एवढे तरी मान डोलावण्याआधी विचारावे.