उतरतं घर

"मग तो आता का येत नाही?"

डॉ. वामन खांबेटे यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

सोमगिरीबुवा गोसाव्यांच्या मढीच्या ओट्यावर बसून चिंचोके धोतराच्या टोकाने पुसत होते. पहिल्यांदा विचारलं तेव्हाही ते पुसतच होते.

"कोण येत नाही?"

"मी मघापासून सांगतोय तो. धनगर."

"खरंच धनगर आहे?"

"माहीत नाही. संगणकावर लोक हवं ते नाव घेतात."

बुवांनी मान हलवली. त्यांचंही जन्मनाव आता कुणाला आठवत नव्हतं.

खांबेटे यांनी आयुष्यभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाले, पत्नी गेली, घर गप्प झालं. तेव्हा त्यांनी एक खेळ तयार केला. वाघ-बकरीचा. दोन वाघ आणि कळपभर बकऱ्या. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारतो आणि तिला खातो. बकऱ्या वाघाला चारी बाजूंनी कोंडतात. पट त्यांनी आठवणीतून काढला होता. फार वर्षांपूर्वी याच ओट्यावर कोरलेला पाहिला होता तो.

खेळ ब्राउझरमध्ये उघडायचा. फुकट. समोर संगणक खेळणार. खाली मत लिहायला एक चौकट.

मतं आली. वाघ फार भारी झालाय. बकऱ्या घेऊन खेळणं म्हणजे शिक्षा आहे. दुसऱ्या दिवशी कुणी उलट लिही, की वाघ नुसता नावाचा वाघ आहे, त्याला शेळीसुद्धा घाबरत नाही. फुकट आहे म्हणून सोडून देतो, असंही एकाने लिहिलं होतं.

खांबेटे यांनी एकही मत वाया जाऊ दिलं नाही. सकाळी चहाआधी ते मतं वाचत, त्यांची वर्गवारी करत, मग एखादा नियम थोडा घट्ट करत, एखादा सैल. आपण चुकत तर नाही ना, ही धास्ती होतीच. ती त्यांना परीक्षेचे पेपर काढतानाही असायची.

शेवटी खेळ जमला. वाघ जितके जिंकत, तितक्याच बकऱ्या जिंकू लागल्या. त्यांनी तो हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. बरोबर होता.

आणि लोक येईनासे झाले.

"सगळे?" बुवांनी विचारलं.

"बहुतेक. बाकीच्यांचं मला काही नाही वाटत. पण हा रोज यायचा. रोज काहीतरी लिहायचा."

"काय लिहायचा?"

"तक्रारीच. वाघाला मागे उडी नको. बकऱ्या फार हळू येतात. एकदा लिहिलं की…"

खांबेटे थांबले. त्यांनी खिशातला फोन चाचपला, पण बाहेर काढला नाही. ते वाक्य त्यांना पाठ होतं.

"एकदा लिहिलं की, वाघाची डरकाळी बंद करायची सोय द्या. इथे रात्रपाळीला दुसरं कुणी नसतं, आवाज फार घुमतो."

बुवांचा हात चिंचोक्यांवर थांबला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"डरकाळी बंद करायचं बटण दिलं."

"बटण?"

"दुसऱ्याच दिवशी दिलं," खांबेटे म्हणाले.

"चांगलं केलंत," बुवा म्हणाले, आणि पुन्हा पुसू लागले.

ओट्यासमोरच्या निंबाखाली मढीची कुत्री झोपली होती. खालच्या वाटेने कुणी येत नव्हतं, जात नव्हतं.

"शेवटचं काय लिहिलं त्याने?"

"आता काही तक्रार नाही." खांबेटे हसल्यासारखे झाले. "एवढंच. त्यानंतर आला नाही. बुवा, मी आज खेळ बंद करायचं ठरवून निघालो होतो. वाटलं, पट तुमचा, तुम्हाला विचारावं. चूक कुठे झाली तेवढं कळलं असतं तर…"

"कुठे झाली?"

"तेच सापडत नाही. समतोल बिनचूक आहे. मी सिद्ध करून दाखवू शकतो."

"दाखवा की," बुवा म्हणाले आणि मुठीतले चिंचोके त्यांच्यापुढे ओतले. "तुम्ही बकऱ्या घ्या."

कौलाचे दोन तुकडे त्यांनी पटावर ठेवले. ते वाघ.

खांबेटे यांनी चष्मा सारखा केला. पाचची गाडी होती, अजून वेळ होता. ते पटावर वाकले आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं, की दगडाचा एक कोपरा फुटलेला आहे. तिथलं घर उतरतं झालं होतं.

"हे कधी फुटलं?"

"मी आलो तेव्हा असंच होतं."

"असा पट चालायचा नाही, बुवा. हे घर गेलं, तर या बाजूने वाघाला मोकळं रान. तुमचा पटच वाघाच्या बाजूचा आहे."

"मतं मागवू या का?" बुवा म्हणाले. "आधी चहा घेता, की त्याच्याबद्दलही लोकांना विचारायचंय?"

खांबेटे ओशाळले. त्यांनी पहिली बकरी ठेवली.

डाव हळूहळू भरत गेला. बुवांनी दोन-तीन बकऱ्या खाल्ल्या, प्रत्येक वेळी चिंचोका उचलून, त्यावर हलकी फुंकर मारून बाजूला ठेवला. खांबेटे तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत होते. एक वाघ त्यांनी कोंडला. दुसरा फुटक्या कोपऱ्याच्या जवळ आला.

कोपऱ्यालगत खांबेट्यांची एक बकरी होती. कोपरा रिकामा राहिला, तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिथे बसणार. कोपऱ्यात बकरी बसवली, तर उडी बंद.

त्यांनी चिंचोका तिथे ठेवला. तो घसरला आणि ओट्याखाली पडला.

त्यांनी वाकून उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

"पाहिलंत? मी म्हणत होतो ते हेच."

"ठेवा," बुवा म्हणाले.

खांबेटे यांनी तिसऱ्यांदा चिंचोका ठेवला. बुवांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि त्याच्यावर टेकवलं.

चिंचोका राहिला.

खांबेटे बोटाकडे बघत बसले. म्हातारं, काळवंडलेलं बोट होतं, पेराशी जरा वाकडं.

"ही माझी बकरी आहे."

"हो."

"ती तुमच्याच वाघाला अडवतेय."

"अडवतेय खरी."

"मग तुम्ही का धरताय?"

"तुम्हाला हात मोकळा लागेल ना पुढच्या बकरीला," बुवा म्हणाले, आणि डाव्या हाताने वाघ एक घर मागे घेतला.

डाव बराच वेळ चालला. बुवांनी बोट उचललं नाही. गालावर माशी बसली, तेव्हा डाव्या हाताने हाकलली. वाघ फिरून पुन्हा कोपऱ्याकडे आला, स्वतःच्याच मालकाने धरलेल्या बकरीपाशी अडला, आणि खांबेटे यांनी मागून शेवटचं घर बंद केलं.

बकऱ्या जिंकल्या.

खांबेटे यांना आनंद व्हायला हवा होता…

"बोट काढलं असतंत तर तुम्ही जिंकला असता."

"जिंकलो असतो."

"हा इथला नियम आहे?"

"नियम कुठला… अमृतगिरी आणि मी असे खेळायचो. माझे गुरुबंधू. त्यांची सोंगटी तिथे आली की मी धरायची, माझी आली की त्यांनी. कुणी ठरवलं नव्हतं." बुवांनी बोट उचललं. चिंचोका घरंगळला. "फार भांडायचे. वाघ घेतला की म्हणायचे बकऱ्या माजल्यात. बकऱ्या घेतल्या की म्हणायचे वाघ लबाड आहे. चाळीस वर्षं तेच. बोट मात्र कधी काढलं नाही."

"आता कुठे असतात?"

बुवांनी निंबापलीकडे पाहिलं. तिथे एक समाधी होती. तिला चुना अलीकडेच लावलेला दिसत होता.

कुत्री उठली, जागा बदलून पुन्हा झोपली.

"आता कुणाशी खेळता?"

"एकटाच. दोन्हींकडून."

"मग त्या घरात सोंगटी आली की?"

"डाव्या हाताने धरून पाहिली. राहते. पण तसं बरं नाही वाटत." बुवा चिंचोके गोळा करू लागले. "आता तिथे कुणाला नेत नाही. ते घर सोडून खेळतो."

आपण या माणसासाठी काही करू शकतो, या विचाराने खांबेटे यांना जरा हायसं वाटलं. दगडाचं काम करणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता. कोपरा सांधून मिळेल, दगडाचीच भुकटी घालतात, सांधा ओळखूही येत नाही, असं ते घाईघाईने सांगत गेले. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"पुढच्या खेपेला मी त्यालाच घेऊन येतो, बुवा. घर अगदी सपाट करून देईल. सोंगटी आपली आपण बसेल. एकटे असलात तरी."

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग उजवा हात पुढे केला, आणि बोट त्या रिकाम्या, उतरत्या घरावर टेकवलं.

"मास्तर… मग हे बोट कुठं ठेवू?"