केवडाचे हरवलेले काना-मात्रे

ए नंदू, पाय आवर बघू आधी. हं. एकदा काय झालं, एका राजाची राणी देवाघरी गेली. मागे राहिली एवढीशी केवडा. आईसाठी गच्चीवर भोकाड पसरून रडली. तेवढ्यात आली वावटळ, शिरली उघड्या तोंडात, आणि जिभेवरचे काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळं घेऊन पसार! मग पोर बोलेल ती नुसती कोरडी अक्षरं. पाणी हवं तर म्हणे ‘पण’, नि घड्याकडे बोट दाखवी. आणि ताट पुढे आलं की एकच म्हणे, ‘मल भरव.’

तुम्हाला कळलं ना? मग तोंड मिटून ठेवा. तिकडे कुणालाच कळेना. पोर जेवेना. पार काडी झाली हो! राजा घाबरला. बायको गेली, आता लेकही जाते की काय!

मग आले शास्त्रीबुवा. म्हणाले, ‘मेला भैरव, म्हणतेय.’ भैरव म्हणजे राजाचा घोडा. सगळे धावत तबेल्यात गेले, तर तो मजेत हरभरे खातोय. मग आले प्रधानजी. म्हणाले, ‘माल भरवा, म्हणतेय.’ झालं, गाड्याच्या गाड्या भरल्या. पोर बघेसुद्धा ना. मग आले राजवैद्य. म्हणाले, ‘मला भोवरा, म्हणतेय. अक्षरं जरा इकडची तिकडे झालीत.’ शहाणेच की नाही! भोवरा फिरून फिरून पडला, केवडा आपली उपाशीच.

मग राजा चिडला. ‘निघा सगळे!’ म्हणाला. राणी गेल्यापासून तो लेकीच्या ताटाशी बसलाच नव्हता, बरं का. तिचा चेहरा हुबेहूब आईचा. बघवत नसे त्याला. चांदीचं ताट द्यायचा, दासी द्यायचा, आणि स्वतः पाठ फिरवायचा. त्या दिवशी मात्र मांडी घालून बसला. काय करावं सुचेना, म्हणून राणी करायची तसा वरणभात कालवू लागला. घास नुसता उचलला, तर केवडानं हा एवढा आ केला!

‘अरे देवा! मला भरव म्हणत होती होय माझी बाय!’ राजाला रडूच कोसळलं.

मग पहिला घास काऊचा. पोटात गेला आणि काना परत आला. दुसरा चिऊचा. वेलांट्या आल्या. तिसरा आईच्या नावाचा. मात्रा आल्या, मागोमाग उकारही धावत आले. केवडानं राजाकडे पाहिलं. म्हणाली, ‘बाबा, किती वाळलात हो! तुम्ही जेवलात का?’

इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग केवडानं चिमुकल्या हातानं घास केला आणि बापाला भरवला.

मग दोघं रोज एकाच ताटात जेवू लागली, सुखानं राहू लागली. त्यांची पोटं भरली, तुमचे डोळे जडावले. चला, मिटा आता. शहाणी गं माझी पाखरं.